हजेरी

रात्रीचे पावणेतीन. फेरीबोटीच्या पोटात इंजिनाची घरघर,
आणि उपाहारगृहामागच्या गालिच्यावर
माझी सतरा मुलं स्लीपिंग बॅगांत,
जाळ्यातून काढून ओळीनं मांडलेल्या सॅमनसारखी.

मी गणित शिकवते, अलास्कात, अशा एका बेटावर
जिथून कुठेच रस्ता जात नाही.
बास्केटबॉलचा सामना खेळायचा तर अकरा तास पाणी.
म्हणून दर हिवाळ्यात मी मुलं मोजत जागते.

रोहेल्यो झोपलाय ट्रॉम्बोनच्या पेटीवर डोकं टेकून.
तळहातावर निळ्या पेनानं:
शुक्रवार रसायन, शनिवार दोन सामने,
रविवार आजोबांचं डायलिसिस,
आणि अंगठ्याखाली, जिथे शाई घामानं फुटते,
तिथे नुसतं 'पुढे?'

इंगाला कॅलक्युलस हवंय, बापाची बोटही हवीय.
हॅलिबट मे महिन्यात कुणासाठी थांबत नाही
आणि परीक्षाही मे महिन्यातच.
बाई, दोन्हींचा सामाईक विभाजक निघतो का?
निघतो, म्हटलं. एक.
ती हसली नाही.

शाळेत सारी चौऱ्याण्णव मुलं,
त्यामुळे कुणालाच एकच काहीतरी होऊन भागत नाही.
मध्यंतराची शिट्टी झाली की आमचे खेळाडू
घामेजल्या जर्सीतच बँडमध्ये जाऊन बसतात,
धापा टाकत ट्रम्पेट फुंकतात, सूर जरा चढाच लागतो,
आणि पळत परत मैदानात.
एक ना धड, भाराभर चिंध्या,
असं त्या दुसऱ्या शाळेच्या प्रशिक्षकाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं.
मी काही बोलले नाही.
त्यांच्याकडे ढोलाला वेगळा माणूस होता.

सोळा.
पुन्हा मोजते. सोळा.
डेलियाची बॅग सपाट.

वरच्या डेकवर, थंडीसाठी लावलेल्या लालभडक दिव्यांखाली
ती प्लास्टिकच्या आरामखुर्चीत, मांडीवर लॅपटॉप.
'तू कोण आहेस ते सहाशे पन्नास शब्दांत सांग.'
खाली तिचे सहाशे एकोणपन्नास.
"मुदत मध्यरात्रीची होती," ती म्हणते. "नेटवर्क नव्हतं."

नसतंच, उघड्या पाण्यात.
फक्त त्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत, लाल-हिरव्या बोयांमधून जाताना
फोनवर एक रेघ उगवते, सहा-सात मिनिटं.
इथल्या पोरांना ती मिनिटं पाठ असतात.
गृहपाठ, भांडणं, आईला 'पोचतो आहोत', सगळं तेव्हाच जातं.
आज आम्ही तिथून गेलो साडेअकराला.
सगळे फोन एकदम किणकिणले.
डेलिया खिडकीशी उभी होती, लॅपटॉप मिटून.

हे मला ठाऊक आहे, हे तिलाही ठाऊक.

तिची आत्या मंगळवारी ग्रंथालयात त्लिंगित शिकवते, चार जणांना.
त्या चारांतली एक ही.
"त्या विद्यापीठाच्या गावात, बाई,
कुणाच्याच फ्रिजवर भरती-ओहोटीचं कोष्टक नसतं म्हणे."

माझ्या जिभेवर येतं: शिष्यवृत्ती,
मी लिहिलेलं शिफारसपत्र, जानेवारीतली दुसरी मुदत.
गिळते.
"गारठा आहे," एवढंच म्हणते.
मग राहवत नाही. "सहाशे पन्नासावा शब्द कुठला होता?"
"तोच तर," ती म्हणते, आणि क्लॅरिनेटची पातळ पट्टी
ओठांत धरून ओली करत बसते,
उद्याच्यासाठी, इतक्या आधीपासून.

खाली येतो दोघी. ती बॅगेत शिरते, चेन नाकापर्यंत.
सातला धक्का. नऊला माझीच चाचणी,
परक्या व्यायामशाळेच्या जमिनीवर, पालथं पडून सोडवायची.
सतरा.
रोहेल्योची मूठ शाईवर मिटते.
सतरा, पुन्हा एकदा.
बोट डावीकडे कलते, आणि सगळी मुलं झोपेतच
एकदम वीतभर सरकतात,
आणि परत.